पदवीच्या नावात ‘न्यूरोसायन्स’ असायलाच हवं का?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकीचं समजले असेन तर तुझ्या लक्षात येईल. (तुला ‘तू’ म्हणते आहे, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.)

बारावी झाली, ग्रुप बी, गणित अकरावीलाच सोडलेलं. नीटला सरकारी एमबीबीएसपुरते गुण आले नाहीत आणि रिपीटचं आणखी एक वर्ष लातूरच्या क्लासमध्ये काढायची इच्छा नाही. आजोबांना आठ वर्षं कंपवात (पार्किन्सन्स) आहे. ते पाहत मोठी झालीस, म्हणून मेंदूचाच अभ्यास करायचा हे नक्की. समोर तीन वाटा आहेत. एका खासगी विद्यापीठाची ‘बीएस्सी न्यूरोसायन्स’. इंग्लंडमधली त्याच नावाची तीन वर्षांची पदवी, जिच्यासाठी वडील शेत गहाण ठेवायला तयार आहेत. आणि गावातल्याच कॉलेजातली साधी बीएस्सी. शेवटी तू लिहिलं आहेस, ‘साधी बीएस्सी घेतली तर मेंदूपासून लांब जाईन, आणि पदवीवर नाव नसेल तर पुढे कुणी घेणार नाही.’

या शेवटच्या वाक्यातली भीती मला सगळ्यात आधी दूर करायची आहे, कारण बाकीचा गोंधळ तिच्यातूनच झाला आहे. मी स्वतः कऱ्हाडला प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केली. तीन वर्षांत मेंदूवर सगळं मिळून एक प्रकरण होतं, तेही परीक्षेत पर्यायाला सोडता येण्यासारखं. पुढे एमएस्सी, पीएचडी, मग चार वर्षं इंग्लंडमध्ये संशोधन, आणि तिथेच न्यूरोसायन्सच्या पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायचं काम. आता सतरा वर्षं पुण्यात फळमाशीच्या चेतासंस्थेवर काम करते आहे. दरवर्षी पीएचडीच्या मुलाखतींना टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसते. तिथे समोरच्या मुलाच्या पदवीचं नाव आम्ही बघतो, पण त्यावर पाच मिनिटंही बोलत नाही. बोलतो ते त्याने काय मोजलं, कसं मोजलं आणि आलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास का आहे यावर.

तुझा खरा प्रश्न ‘कोणती पदवी’ हा नाही. त्याच्या आत दोन प्रश्न आहेत: तुला माणसांवर उपचार करायचे आहेत की यंत्रणा समजून घ्यायची आहे? आणि मेंदूकडे जाताना पाय कशावर रोवून उभी राहणार आहेस, जीवशास्त्रावर, रसायनशास्त्रावर, गणितावर की मानसशास्त्रावर? या दोन्हींची उत्तरं तुझ्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. घरची ऐपत, गणिताची तयारी आणि घरापासून लांब राहायची मुभा यांवरही बरंच ठरेल. मी फक्त विचार कसा करायचा ते सांगू शकते.

पहिल्यापासून सुरुवात करू. कंपवाताच्या बऱ्याच रुग्णांचे पाय चालता चालता, विशेषतः दारात किंवा वळताना, जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. आजोबांचं असं होत असेल तर तू पाहिलंच असशील. अशा वेळी जमिनीवर ठरावीक अंतराने आडव्या पट्ट्या चिकटवल्या तर अनेकांना त्या ओलांडत पाऊल टाकता येतं. जो पाय सपाट फरशीवर उचलत नव्हता तोच पट्टी दिसताच उचलतो. हे वाचून तुझ्या मनात आधी काय आलं? ‘आजच आमच्या दारात पट्ट्या चिकटवते, आणखी काय काय करता येईल?’ की ‘डोळ्यांना दिसलेली रेघ पायाला कशी काय हलवते?’ दोन्ही विचार तितकेच मोलाचे आहेत, पण ते वेगवेगळ्या आयुष्यांकडे नेतात.

पहिला विचार ज्याच्या मनात आधी येतो त्याने न्यूरोसायन्सच्या पदवीकडे जाऊ नये, हे मी कळकळीने सांगते. ही पदवी, कुठल्याही देशातली, रुग्णावर उपचार करायचा अधिकार देत नाही. न्यूरॉलॉजिस्ट व्हायचं तर एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग एमडी तीन, मग डीएम तीन. एमबीबीएस टाळून जाणारी दुसरी वाट नाही. पण रुग्णापाशी राहायचं म्हणजे डॉक्टरच व्हायचं असंही नाही. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा आणि श्रवण उपचाराची पदवी या तिन्हीतले लोक कंपवाताच्या माणसाच्या रोजच्या जगण्यात डॉक्टरपेक्षा जास्त वेळ देतात. चालणं, बटण लावणं, घास गिळणं, बारीक होत गेलेला आवाज हे सगळं त्यांच्या हातातलं काम आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था वाचा-श्रवणाचं शिक्षण देते, म्हैसूरला याच विषयाची मोठी राष्ट्रीय संस्था आहे. आपल्याकडे ‘नीटमध्ये राहिलं म्हणून फिजिओ’ असं कमीपणाने बोलतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा विचार तुझा असेल, तर पुढचं वाच.

आजोबा बहुधा ज्या गोळ्या घेत असतील त्यात लिव्होडोपा नावाचं द्रव्य असतं. त्या गोळीची गोष्ट तुला सांगायलाच हवी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. आपल्याकडे कुंपणावर चढणारी खाजकुयली तुला माहीत असेल, जिच्या शेंगेला हात लागला की अंग खाजतं. तिच्या बियांतून लिव्होडोपा वेगळं काढल्याचं १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. तेव्हा त्याचा मेंदूशी काय संबंध आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरीकडे सर्पगंधा ही आपली आणखी एक वनस्पती. तिने रक्तदाब उतरतो हे मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं. मग स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन या औषधशास्त्रज्ञाने सशांना रिसर्पिन दिलं. ससे हालचाल थांबवून निपचित बसले. त्यांना लिव्होडोपा टोचल्यावर ते उठून हिंडू लागले. हे १९५७ साली. पाठोपाठ १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविक्झ यांनी कंपवाताने गेलेल्या माणसांच्या मेंदूंत डोपामिन, म्हणजे लिव्होडोपापासून तयार होणारं मेंदूतलं संदेशवाहक रसायन, मोजलं आणि ते फारच कमी निघालं. पुढच्याच वर्षी रुग्णांना लिव्होडोपा देऊन पाहिलं गेलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कोत्झियास यांनी मात्रा हळूहळू वाढवत नेऊन त्याचा टिकाऊ उपयोग दाखवला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आता या साखळीतली माणसं बघ. रसायनशास्त्रज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, औषधशास्त्रज्ञ, रुग्णालयातला डॉक्टर. यांच्यातल्या एकाच्याही पदवीवर ‘न्यूरोसायन्स’ हा शब्द नव्हता. असणार कसा? तो शब्दच १९६० च्या दशकात रुळायला लागला, आणि अमेरिकेतल्या ॲमर्स्ट कॉलेजने पदवीच्या मुलांसाठी या विषयाचा अभ्यासक्रम काढला तो १९७३ मध्ये. म्हणजे हा विषय मुळात वेगवेगळ्या शास्त्रांतल्या माणसांनी मेंदूपाशी येऊन उभा केलेला आहे. आजही माझ्या इमारतीत बघितलं तर शेजारच्या प्रयोगशाळेतला एक जण भौतिकशास्त्राचा, एक संगणकाचा, एक पशुवैद्यकाचा, दोघी बायोटेकच्या. प्रत्येकाकडे काहीतरी असं आहे जे बाकीच्यांकडे नाही, म्हणून तर त्यांना एकमेकांची गरज लागते.

यामुळे माझं मत असं झालं आहे की पदवीच्या वयात एक शास्त्र पक्कं असावं आणि मेंदू त्याच्या जोडीला असावा. फक्त मेंदू वाचत गेलेली मुलं मला भेटतात. त्यांना स्मृती, स्वप्नं, भावना यांवर सुंदर बोलता येतं. पण ‘हा आलेख मला समजावून सांग’ म्हटलं की अक्षावर काय आहे ते सांगताना ती अडखळतात. दोष मुलांचा नसतो. पाया न घालता त्यांना थेट गच्चीवर नेलेलं असतं.

पायाचं एक उदाहरण देते, आणि ते गणिताचंच देते, कारण गणित सोडल्याचा उल्लेख तू अगदी ओझरता केला आहेस. चेतापेशीच्या आत पोटॅशियमचं प्रमाण दर लिटरला साधारण १४० मिलिमोल असतं, बाहेर ५. या दोन आकड्यांचं गुणोत्तर घ्यायचं, बाहेरचं भागिले आतलं. त्याचा लॉग काढायचा आणि शरीराच्या तापमानाला त्याला ६१.५ ने गुणायचं. उत्तर येतं उणे ८९ मिलिव्होल्ट. म्हणजे पेशीच्या भिंतीतून फक्त पोटॅशियमच ये-जा करू शकलं असतं तर आत-बाहेर इतका विद्युत फरक राहिला असता. प्रत्यक्ष मोजलं की बऱ्याच चेतापेशींत तो उणे ७० च्या आसपास सापडतो. मधला फरक कुठून आला? पेशी थोडं सोडियमही आत झिरपू देते, त्यातून. तू जे काही वाचशील, विचार, आठवण, आजोबांच्या हाताचा कंप, त्याच्या मुळाशी हे दोन आयन आहेत. लॉग टेबल तू फिजिक्सच्या पेपरला वापरलेलं आहेस, तेव्हा हे तुला आजही जमेल. पुढचं मात्र कलनशास्त्राशिवाय (कॅल्क्युलस) जमत नाही. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सले यांनी माकूळ या समुद्री जिवाच्या जाड चेतातंतूवर मोजमापं करून संदेश कसा पळतो याची समीकरणं मांडली. हक्सले यांनी ती हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर सोडवली. आजही प्रत्येक न्यूरोसायन्सचा विद्यार्थी तिथून जातो. तेव्हा बीएस्सी कुठलीही घे, पहिल्या वर्षी कलनाची ओळख, संख्याशास्त्र आणि थोडी पायथॉन ही संगणकाची भाषा हे तीन विषय कुणी सांगितले नाहीत तरी स्वतः सुरू कर. संख्याशास्त्र सगळ्यात आधी.

आणि हात. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माहितीपत्रकांत यातलं काहीच नसतं.

एमएस्सीला असताना मला एका शिक्षकांनी काचेच्या तीन नळ्या दिल्या. तिन्हींत फळमाश्या, दिसायला अगदी सारख्या. पहिल्या दोन नळ्या कोमट पाण्यात, तीस अंशांच्या आत-बाहेर, बुडवल्या. काही क्षणांत माश्या पडल्या आणि हलेनाशा झाल्या. तिसऱ्या नळीला पाणी जास्त गरम लागलं, अडतीस अंशांच्या जवळ, आणि त्याही पडल्या. मग सर म्हणाले, ‘आता बाहेर काढ आणि घड्याळ लाव.’ पहिल्या नळीतल्या माश्या बाहेर काढताच उठल्या, काही झालंच नाही अशा. दुसऱ्या नळीतल्यांना मिनिटांच्या हिशेबात वेळ लागला. तिसऱ्या नळीतल्या कितीतरी वेळ पडूनच होत्या, आणि जितका वेळ उष्णतेत ठेवल्या तितका उठायला जास्त वेळ. सरांनी एवढंच विचारलं, ‘पडल्या सगळ्या, पण उठल्या वेगवेगळ्या. का?’

मी दोन दिवस विचार करत होते. उत्तर असं: तिन्ही नळ्यांतल्या माश्यांत जनुकाचा वेगवेगळा दोष होता. पहिल्या माशीत सोडियमची वाट उष्णतेने बंद होते, थंड होताच उघडते, म्हणून ती लगेच उठते. दुसरीत एका चेतापेशीने दुसरीकडे संदेश पाठवताना जे रसायनाचे बारीक फुगे रिकामे होतात ते परत भरून घ्यायची सोय अडकते. साठा संपला की माशी पडते, आणि उठायला साठा पुन्हा भरेपर्यंतचा वेळ लागतो. तिसरीत फुगे आणि पेशीची भिंत जोडणारी यंत्रणाच अडून बसते, ती पूर्ववत व्हायला फार वेळ घेते. या तिन्ही प्रकारच्या माश्यांच्या चेतासंस्थेत नेमकं काय बिघडतं यावरचा शोधनिबंध ओबैद सिद्दिकी आणि सीमोर बेंझर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. सिद्दिकींनीच १९६२ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जीवशास्त्राचं काम उभं केलं होतं, आणि या माश्यांवर तिथे पुढेही वर्षानुवर्षं काम झालं. नळी, कोमट पाणी, घड्याळ. एवढ्यावर त्या दिवशी माझं आयुष्य ठरलं. पुढे महागडी यंत्रं खूप वापरली, पण विचार करायला शिकले ते तिथे.

म्हणून कॉलेज निवडताना मी तुला विचारायला सांगते ते हे: आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, आणि त्यात मुलं स्वतः काय करतात? प्राणिशास्त्रात पदवीला विच्छेदन बंद झाल्यापासून बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणजे पडद्यावर चित्रफीत बघणं असं झालं आहे. ते व्हायला नको होतं, आणि व्हायची गरजही नाही. फळमाशीच्या बाटल्या कुठल्याही कॉलेजात केळं आणि रव्यावर वाढवता येतात. झुरळाच्या पायातल्या चेतातंतूंचे संदेश साध्या ॲम्प्लिफायरला जोडून कानाने ऐकता येतात, आणि त्या पायाच्या केसाला काडी लावली की संदेशांची सर कशी वाढते तेही. इंग्लंडमध्ये मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवत होते. त्या प्रयोगाला तिथल्या इमारतीची काहीच गरज नव्हती.

आता तुझ्या तीन वाटा.

खासगी विद्यापीठातली पदवी. नाव मला विचारू नकोस, सगळीच वाईट नाहीत आणि काही ठिकाणी चांगली माणसं शिकवतात. पण माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी अशा नावाची पदवी घेतलेला एक मुलगा उन्हाळी कामासाठी आला होता. फार हुशार, धडपड्या. तीन वर्षांत त्याने एकदाही स्वतः द्रावण तयार केलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी तीन वर्षांत जे शुल्क भरलं होतं ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. तेव्हा प्रवेशाआधी प्रत्यक्ष जा. मेंदूचे विषय शिकवणाऱ्यांची नावं घे आणि त्यांनी स्वतः त्या विषयात संशोधन केलं आहे का ते शोध. प्रयोगशाळा बघायला माग, आणि दाखवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समज. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांशी शिक्षकांच्या माघारी बोल. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: आपल्या अनेक विद्यापीठांत एमएस्सीच्या प्रवेशासाठी पदवीला अमुक विषय असावा अशी अट असते. नव्या, वेगळ्या नावाची पदवी असली की पात्रतेच्या खिडकीवर अडचण येते. तुला पुढे जिथे जायचंय तिथल्या नियमांत तुझी पदवी बसते का, हे आधी लेखी विचारून घे.

इंग्लंड. तिथलं शिक्षण चांगलं आहे, मी आतून पाहिलं आहे. पहिल्या वर्षापासून प्रयोग, शोधनिबंध वाचायची सवय, शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रकल्प. पैशांची चिंता नसती तर मी ‘जा’ म्हटलं असतं. पण परदेशी विद्यार्थ्यांचं शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून तीन वर्षांचा आकडा एक कोटीच्या पुढे सहज जातो. आणि तीन वर्षांनी हातात येते ती बीएस्सीच. त्यावर तिथे संशोधनात स्थिरावता येत नाही, पुढे मास्टर्स किंवा पीएचडी लागतेच. या क्षेत्रात बाहेर जायची योग्य वेळ पीएचडीची किंवा त्यानंतरची, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी तुलाच विद्यावेतन मिळतं. मी गेले तेव्हा घरून एक रुपया नेला नव्हता. पहिल्या पदवीसाठी शेत गहाण ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मोठी शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी.

साध्या बीएस्सीकडे वळण्याआधी चौथी एक वाट आहे, ती तुझ्या प्रश्नात नाही. आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. पुण्याची २००६ साली सुरू झाली. पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी, प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून, आणि जीवशास्त्र घेणाऱ्यालाही सुरुवातीला भौतिक, रसायन, गणित शिकावंच लागतं. मला नेमकी तीच गोष्ट आवडते. न्यूरोसायन्स असं वेगळं नाव पदवीला नाही, पण पुण्याच्या आयसरमध्ये पक्षी गाणं कसं शिकतो, उंदीर वास कसे ओळखतो, चेतापेशींच्या जाळ्याचं गणिती प्रारूप कसं करायचं अशा विषयांवर प्रयोगशाळा आहेत, आणि शेवटच्या वर्षी प्रबंध करायचा असतो. परीक्षेत चारही विषय असतात, त्यामुळे गणित नसलेल्यांना जड जातं, पण ग्रुप बी ची मुलं दरवर्षी आत जातात. यंदा दिली नसशील तर बारावीनंतरच्या वर्षी देता येते का ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ. अशीच पाच वर्षांची एकात्मिक एमएस्सी मुंबईत कालिन्याला मूलभूत विज्ञान केंद्रात आहे. त्यासाठी आणि भुवनेश्वरच्या नायसरसाठी नेस्ट ही परीक्षा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चार वर्षांची पदवी आहे, पण तिथे बारावीला गणित लागतं, म्हणून ते तुझ्यासाठी आत्ता नाही.

यातलं काहीच जमलं नाही तर? तर तुझ्या गावातली साधी बीएस्सी, आणि ती घेतल्याबद्दल मनात जराही कमीपणा नको. प्राणिशास्त्र किंवा बायोटेक घे, पण सोबत रसायनशास्त्र सोडू नकोस. गणित किंवा संख्याशास्त्र जोडविषय म्हणून मिळत असेल तर तो घे, गुण कमी पडले तरी चालतील. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर न्यूरोसायन्सचे अभ्यासक्रम फुकट आहेत, दर सत्रात एक पुरे. दुसऱ्या वर्षापासून तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज कर. त्यातून दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं आणि पैसेही मिळतात. पहिल्या वर्षी निवड झाली नाही तर पुन्हा कर. माझ्याकडे असाच आलेला नांदेडचा एक मुलगा पहिले आठ दिवस कोपऱ्यात उभा असायचा, इंग्रजीमुळे. मी त्याच्याशी मराठीत बोलायला लागले आणि नोंदवही मात्र इंग्रजीत लिहायला लावली. आज तो पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, आणि त्याच्याइतकी नेटकी नोंदवही मी कुणाची पाहिलेली नाही.

आता नवीन धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, आणि त्यात ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे थेट पीएचडीला अर्ज करता येतो. तरी तुझ्यासाठी मला मधली एमएस्सी बरी वाटते. ‘न्यूरोसायन्स’ हे नाव खरं उपयोगी पडतं ते इथे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, तिथे न्यूरोसायन्सचीच एमएस्सी आहे आणि विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखांतल्या पदवीधरांना ती खुली आहे. बंगळूरला निम्हान्स आहे, जिथे रुग्णालय आणि संशोधन एकाच आवारात चालतं आणि संशोधनासाठी दान केलेल्या मानवी मेंदूंची पेढीही आहे. भारतीय विज्ञान संस्थेचं न्यूरोसायन्स केंद्र, बंगळूरचंच एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, ही सगळी दारं बीएस्सी किंवा एमएस्सीनंतर उघडतात. तिथे साधी बीएस्सी केलेली मुलं मुलाखतीला येतात आणि निवडलीही जातात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: रुग्णापाशी राहायचं असेल तर उपचाराची पदवी. यंत्रणा शोधायची असेल तर आधी आयसर किंवा तसं काही, नाही तर साधी बीएस्सी आणि उन्हाळी प्रयोगशाळा. खासगी पदवी फक्त स्वतः जाऊन खात्री केल्यावर. इंग्लंड नंतर.

एक अवघड गोष्ट राहिली, ती लपवणं बरोबर नाही. ही वाट लांब आहे. आजपासून पीएचडी हातात पडेपर्यंत दहा-अकरा वर्षं धर. पीएचडीत नेट-जेआरएफ ही राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी फेलोशिप असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००. त्यात एकटीचं नीट भागतं, घरी फार पाठवता येत नाही. पैसे उशिरा आलेले महिनेही मी काढले आहेत. नुसत्या बीएस्सीवर या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत. औषधांच्या चाचण्या घेणाऱ्या कंपन्या, वैद्यकीय लेखन, मेंदूच्या आलेखांचं आणि प्रतिमांचं विश्लेषण इथे काम मिळतं, आणि शेवटच्या कामाला पुन्हा संख्याशास्त्र आणि पायथॉनच लागतात. म्हणजे मधेच थांबावं लागलं तरी ते दोन विषय तुला उपाशी ठेवणार नाहीत. हे सगळं वडिलांना आत्ताच सांग. तिसऱ्या वर्षाला ‘आता नोकरी लागेल’ म्हणून ते वाट बघत बसले तर तुला आणि त्यांना दोघांना त्रास होईल.

वडिलांशी शेताचं बोलताना त्यांना इतकंच सांग की पैसा लागणार आहे तो थोडा आहे आणि तो वेगळ्या गोष्टींना लागणार आहे: एक चांगला लॅपटॉप, उन्हाळ्यात पुण्या-बंगळूरला जायचं भाडं, परीक्षांचे अर्ज. ते शेत गहाण ठेवायला तयार झाले आहेत, म्हणजे तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. एवढं पाठबळ मिळालेली मुलं मी फार पाहिलेली नाहीत.

आणि या आठवड्यात एक कर. वर दिलेलं पोटॅशियमचं गणित लॉग टेबल घेऊन स्वतः सोडव. मग तसंच सोडियमचं कर: आत १५, बाहेर १४५. उत्तर अधिक चिन्हाचं, ६० च्या आसपास येईल. पोटॅशियमचं उणे आणि सोडियमचं अधिक का, आणि चेतापेशीतून संदेश जाताना पेशी क्षणभर यातल्या कोणत्या आकड्याकडे धावत असेल, याचं तुला सुचेल ते उत्तर मला लिहून पाठव. चुकलं तरी चालेल, त्यावरून पुढे बोलू.